पुढचं डावं चाक

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्न मी मनातल्या मनात टॉस करून सोडवला. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेनं लेख मागितला (ती माझी रूममेट आहे, पळायला जागाच नव्हती) तेव्हा मी म्हटलं, मी इंग्लिश सेक्शनला देते की! ती म्हणाली, "तिकडे ग्लोबल वॉर्मिंगवर सात लेख आलेत. तू ती गाडीची गोष्ट लिही." तर ही गाडीची गोष्ट. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या नावावर.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, कराडला. स्टँडवर न्यायला बाबा आले होते. गाडी म्हणजे आमची सेकंडहँड, पांढरी, वयानं माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी लहान. स्टँडच्या बाहेर पडतोय तोवर पुढून डावीकडून आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... खर्र. स्पीड वाढला की खर्रखर्रखर्र.

"बाबा, हे काय?"

"खरखर आहे. कालपास्नं लागलीय."

बाबा तीस वर्षं बसगाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्याकडे आवाजांची एक यादी आहे आणि ती मला लहानपणापासून पाठ आहे. खडखड म्हणजे काहीतरी ढिलं झालंय. घरघर म्हणजे बेअरिंग. पूर्ण वळणावर टकटक म्हणजे अॅक्सलचा जॉइंट. खरखर म्हणजे लोखंडाला लोखंड लागतंय. माझ्या शाळेत कुत्रा 'बाउवाउ' आणि घंटा 'डिंगडाँग' करायची, पण यातल्या एकाही आवाजाला नाव नव्हतं.

प्रश्न असा होता, की भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्हाला चिपळूणला जायचं होतं. मावसबहिणीचा साखरपुडा. कराड ते चिपळूण म्हणजे मधे कुंभार्ली घाट. आणि आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यांनी फोनवर सांगितलं, "सोमवारी आणा." एरवी बाबांनी संध्याकाळपर्यंत चाक खोलून, बांधून, चहा पिऊन टाकला असता. पण मागच्या वर्षी ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी कमरेचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही.

"मी करते," मी म्हटलं. थर्ड इयर मेकॅनिकल. डिस्क ब्रेकच्या टॉर्कचा फॉर्म्युला मला झोपेतून उठवून विचारा. आई म्हणाली, "तुला साधा कुकरचा गॅस्केट बसवता येत नाही." ते वेगळं.

शनिवारी सकाळी आधी गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. बाबा शेजारी बसून एकेक करायला सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते. न्यूट्रलला टाकून गाडी नुसती जाऊ दिली, तरी आवाज. म्हणजे इंजिन नाही, चाकाचंच काहीतरी. डावीउजवीकडे वळवून पाहिली, आवाजात फरक नाही. म्हणजे बहुतेक बेअरिंग नाही. ब्रेक हलकासा दाबला की आवाज जाड होतो. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं, पण वाचलं नाही. कारण आदल्या रात्री मी एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघितला होता. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची एक थाळी असते, चिखलपाणी अडवायला. ती वाकली की डिस्कला घासते. स्क्रू ड्रायव्हरनं जरा मागे ढकलायची, झालं! पाच मिनिटांचं काम, पैसा शून्य. मला तेच व्हायला हवं होतं.

मग अंगणात प्रॅक्टिकल सुरू झालं. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, एक्स्टर्नल एक्झामिनरसारखे. मी जॅक लावला, चाक उचललं आणि नट सोडवायला गेले तर चाक नुसतंच गरागरा फिरायला लागलं. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो ना! बाबा काही बोलले नाहीत. मी गाडी खाली घेतली, नट आधी थोडे ढिले केले, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि पुन्हा उचलली. जॅकच्या स्क्रूचा हेलिक्स अँगल फ्रिक्शन अँगलपेक्षा कमी असतो म्हणून तो आपोआप खाली येत नाही, हे भंडारींच्या पुस्तकात आहे. बाबांनी भंडारी वाचलेले नाहीत. "जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. काढलेलं चाक गाडीखाली सरकव."

पत्र्याची थाळी मी ढकलली. हातानं डिस्क फिरवली. खर्र. आणखी ढकलली. खर्र. चारी बाजूंनी कागद घालून बघितला, कुठेच घासत नव्हती. मग ब्रेकच्या पॅडकडे बघितलं, तर त्याचं अस्तर चांगलं जाड.

"पॅड ओके आहेत," मी जाहीर केलं.

"आतला बघितलास?"

"बाहेरचा एवढा आहे म्हणजे आतलाही तेवढाच असणार ना. दोन्हीकडून सारखाच फोर्स..."

"असणार का आहे?"

आतला पॅड डिस्कच्या मागे, सहज दिसत नाही. आईचा पावडरीच्या डबीतला छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन आडवी झाले. आरशात दिसलं ते हे, की आतल्या पॅडला अस्तर म्हणून काही उरलेलंच नव्हतं. मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर. याच चाकावर आम्ही उद्या घाट उतरणार होतो.

कॅलिपर काढला. तो रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नाही, म्हणून वाळत घालायच्या दोरीचा तुकडा कापून स्प्रिंगला बांधला. (आईला अजून सांगितलेलं नाही.) काळी धूळ मी फुंकर मारून उडवणार तेवढ्यात बाबा ओरडले, "ओला फडका घे!" ती धूळ नाकात जाऊ द्यायची नसते. वर्कशॉपमध्ये ते स्वतः हवेच्या पाइपनं उडवायचे, पण ते पुन्हा कधीतरी.

आतला पॅडच का झिजला, तर आमच्या गाडीत पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या धक्क्यानं आख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. आमची एक पिन गंजून जाम झाली होती. त्यामुळे कॅलिपर नीट सरकत नव्हता आणि सगळं काम आतल्याच्या अंगावर. ग्रुप प्रोजेक्टसारखं.

डिस्कवर बारीक चरे पडले होते. ती वापरायची की बदलायची हे जाडीवर ठरतं आणि किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. मी ऐटीत बॅगेतून व्हर्नियर काढला. लीस्ट काउंट ०.०२. रीडिंग मस्त आलं, जवळजवळ नव्या डिस्कसारखं. बाबा खुर्चीतून पुढे झुकून म्हणाले, "काठ मोजतेयस तू." खरंच की! पॅड काठापर्यंत पोचत नाही, तिथे न झिजलेली कड उरते आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात. त्यांनी खिशातून दोन रुपयांची दोन नाणी काढून दिली. दोन्ही बाजूंना झिजलेल्या जागेवर एकेक नाणं धरायचं, सगळं मिळून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. आता आकडा आला तो किमान मापापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर जास्त. चालेल, पण पुढच्या वेळी बदलायचीच. लॅबमध्ये मी व्हर्नियरची किती रीडिंग्ज घेतली असतील (काही शेजारच्या बॅचच्या जर्नलमधून), पण ही नाण्यांची युक्ती कोणत्याही मॅन्युअलमध्ये पाहिलेली नाही.

मग बाबांनी तो संपलेला पॅड मागून घेतला. उलटसुलट केला. त्याच्या कडेला लोखंडाची एक छोटी वाकवलेली जीभ होती, टोकाला घासून चकचकीत झालेली.

"ही शिट्टी," ते म्हणाले. "अस्तर संपत आलं की ही आधी डिस्कला लागते आणि कोकलते. माणसाला कळावं म्हणून ठेवलेली असते. चांगली घासलीय बघ. म्हणजे महिना दीड महिना तरी वाजली असणार."

मी गप्प. आई दारात उभी होती, तीही गप्प.

कारण ती वाजली होती. गणपतीला मी घरी आले तेव्हा गाडी सारखी चीं चीं करत होती. मागे बसून आई म्हणालीसुद्धा होती, "किती किंचाळतेय ही." बाबा म्हणाले होते, "कुठं काय?" आणि आम्ही दोघींनी विषय सोडून दिला होता. गाडीच्या बाबतीत बाबा 'काही नाही' म्हणाले की काही नसतं. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून, मूठ कानाला लावून कुठला भाग बिघडलाय ते सांगणारा माणूस आहे तो. वर्कशॉपमध्ये त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे.

"वाजत होती का?" बाबांनी विचारलं. आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

मी पॅड घेतला, ती जीभ डिस्कला टेकवली आणि दुसऱ्या हातानं डिस्क जोरात फिरवली. चीं! माझे दात शिवशिवले, डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा बाबा डिस्ककडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाजली?"

"हो."

"पुन्हा फिरव."

मी पुन्हा फिरवली. त्यांनी मान तिरकी केली, डावा कान पुढे, मग उजवा. "फिरतंय ते ऐकू येतंय," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

आई आत गेली. टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असतो, फोनवर मी 'सात वाजता' म्हटलं की ते 'आठ?' का विचारतात, आणि आई हल्ली प्रत्येक वाक्य त्यांच्या समोर जाऊनच का बोलते, हे सगळं मला त्या अंगणात, ग्रीसनं बरबटलेल्या हातांनी, एकदम कळलं. आईला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे.

नंतर बाबा बोलले ते फक्त कामाचं. आई जुना पॅड नमुना म्हणून पिशवीत घालून स्कूटीवरून नवा सेट घेऊन आली. पॅड दोन्ही बाजूंचे बदलायचे, एका चाकाचे बदलून चालत नाही. पिन काढून गंज घासला. "साधं ग्रीस नको, रबर फुगतं. ब्रेकचं वेगळं येतं ते." सी-क्लॅम्पनं पिस्टन हळूहळू मागे दाबताना वर ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवायचं, कारण तेल मागे येतं आणि सांडलं तर रंग खातं. उजवं चाक मी एकटीनं केलं, पंचेचाळीस मिनिटांत. डाव्याला चार तास लागले होते. सगळ्यात शेवटी, गाडी हलवायच्या आधी, पेडल दाबत राहायचं. पहिल्यांदा पाय थेट तळाला गेला तेव्हा पोटात गोळा आला. चौथ्या-पाचव्या वेळी पेडल घट्ट झालं. मग संध्याकाळी कृष्णा नाक्यापर्यंत जाऊन आले, हळूहळू ब्रेक मारत, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतील. खरखर गेली होती.

कानाची तपासणी नंतर झाली, मी होस्टेलला परत यायच्या आदल्या दिवशी. ऑडिओग्रामचा ग्राफ मी बघितला. कमी फ्रिक्वेन्सीला रेषा ठीकठाक आणि ४००० हर्ट्झच्या आसपास दरीच. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचा कान आधी तिथेच जातो. 'स', 'श' असली अक्षरंही बरीचशी वरच्याच पट्टीत असतात. आणि अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बाबांची शिफ्ट आठ तासांची होती. शिवाय ओव्हरटाइम, तो माझ्या कॉन्व्हेंटच्या फीसाठी. पुढचं गणित मी केलं नाही.

पण ते नंतरचं. रविवारी आम्ही ठरल्याप्रमाणे निघालो. पाटण गेलं, हेळवाक गेलं, घाट सुरू झाला. गाडी मी चालवत होते, सेकंड गिअरमध्ये. बाबा शेजारी. दर दोन वळणांनी ते विचारायचे, "आवाज?"

"नाही."

"चीं पण नाही?"

"चीं पण नाही."

आई मागून म्हणाली, "मी पण ऐकतेय." बाबांना ते ऐकू आलं की नाही कळलं नाही. ते खिडकी खाली करून बाहेर हात काढून बसले होते.

पोफळीला चहासाठी थांबलो. मी गाडी बंद केली तोवर बाबा उतरलेसुद्धा, आणि कमरेवर हात ठेवून, जेवढं वाकता येतं तेवढं वाकून, डाव्या चाकाजवळ तळवा धरून उभे राहिले. मग गाडीला वळसा घालून उजव्या चाकाजवळ. पिन पुन्हा जाम असती तर एक चाक जास्त तापलं असतं.

"सारखंच गरम आहे," ते म्हणाले आणि तीन चहा सांगितले.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)