आईनं न टाकलेले पत्ते

न्यू जर्सीतल्या एडिसनचं आईबाबांचं घर यंदा विकायला काढलं. तळघर आवरताना निळा, गोल, पत्र्याचा बिस्किटांचा डबा हाती लागला. आमच्याकडे अशा डब्यात सुईदोराच असायचा, त्यामुळे तो इतका जड कसा, याचंच नवल वाटलं. आत माझी बेसबॉलची कार्डं होती. रबरबँड विरघळून वरच्या कार्डाला चिकटलं होतं.

१९८७ साली मी नऊ वर्षांचा होतो. टॉप्स कंपनीच्या त्या वर्षीच्या कार्डांना लाकडाच्या फळीसारखी किनार होती. पूर्ण संच ७९२ कार्डांचा. मेणकागदाच्या पाकिटात कार्डांसोबत गुलाबी च्युइंगमची एक पातळ पट्टी यायची, पिठी लावलेली आणि काचेसारखी कडाड मोडणारी. चार चावे गोड लागायची, मग पुठ्ठा. शेजारच्या कार्डावर तिचा डाग मात्र कायमचा पडायचा. एवढ्या वर्षांनी डबा उघडला तरी तोच वास आला, किंवा यावा असं मला वाटलं असेल.

कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत खेळाडूची आकडेवारी असे. बाबा शिवाजी पार्कात वाढलेले. चष्मा कपाळावर चढवून ते एक-एक कार्ड वाचत. .३०० म्हणजे उत्तम सरासरी, असं मी समजावलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे दहातल्या सात वेळा याला जमत नाही, आणि हा मोठा फलंदाज?" तरी रोज रात्री जेवणानंतर "आण रे ते" म्हणून तेच मागायचे. मुंबई सोडल्यावर त्यांच्याशी कुणी धावांबद्दल बोललंच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शेजारी एक गृहस्थ होते, मूळचे ब्रुकलिनचे. १९५७च्या हंगामानंतर डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, तो राग त्यांनी तीस वर्षं जपला होता. दोन हिवाळे मी त्यांच्या दारातला बर्फ उपसला, त्याबद्दल त्यांनी मला १९५७चं हँक आरनचं कार्ड दिलं. कोपरे गोल झालेले, मध्ये चिमट्याचा वळ. लहानपणी सायकलच्या आऱ्यांत अडकवून त्यांनी त्याची फटफटी केली होती. बाबांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, "अरे, याच्या अंगावरचा ४४ उलटा आहे!" आरन उजव्या हाताचा फलंदाज, पण छापताना निगेटिव्ह उलटी लागली आणि कार्डावर तो डावखुरा झाला.

त्या गृहस्थांकडे तेवढं एकच कार्ड उरलं होतं. ते सैन्यात गेले तेव्हा बुटांच्या खोक्यातली बाकीची त्यांच्या आईनं कचऱ्यात दिली. अमेरिकेत ही गोष्ट घरोघरी ऐकू येते, आणि जुन्या कार्डांची किंमत वाढली ती या आयांमुळेच. १९५२ची न विकलेली खोकी तर खुद्द टॉप्सच्या साय बर्गर यांनी अटलांटिकमध्ये बुडवली, असं बर्गर स्वतःच सांगत. त्यात मिकी मँटलची कार्डंही होती. त्याच मँटलचं एक कोरं करकरीत कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आम्ही शहाणे निघालो. आमच्या पिढीनं सगळं जपलं, आणि कंपन्यांनीही हात आखडता न घेता छापलं. आता त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. केन ग्रिफी ज्युनियरसारखी काही नावं सोडली, तर बाकी रद्दी.

त्यात माझी आई. दह्याचे डबे, भेटवस्तूंचे कागद, लग्नपत्रिकांची कोरी पाठ, काहीही न टाकणारी. "पडू दे, खायला मागतंय का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी कॉलेजला गेल्यावर तिनं "मुलाचे पत्ते" दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून त्या डब्यात ठेवले. बाकीच्या सगळ्या आया मघाच्या गृहस्थांच्या आईइतक्या निष्ठुर असत्या, तर आज मी श्रीमंत असतो.

डबा घेऊन कार्डांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फक्त सालं विचारली आणि झाकणही न उघडता डबा माझ्याकडे सरकवला. आरन माझ्या खिशात होता. तो मी त्याला दाखवला नाही.

तर कुणाला १९८७ची कार्डं हवी असतील तर कळवा, टपालखर्च माझा. डबा मात्र मिळणार नाही. आईनं तो सुईदोऱ्यासाठी परत मागितला आहे.