तव्यावरून ताटात

पुंडलिकनगरातल्या घरातून कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालं, की बॅगेत शेंगदाण्याची चटणी जाते, येसर जातं, चार दिवसांपुरती धपाटीही जातात. भाकरी मात्र मागेच राहते. घरी असो वा परदेशात, ज्या पदार्थांची चव आयुष्यभर जिभेवर राहते, ते बहुतेक असेच असतात, असं मला वाटतं. ते जिथं होतात तिथंच आणि होतात तेव्हाच खावे लागतात. थोडं जपून ठेवू, उद्या खाऊ, ही सोय त्यांत नसते. म्हणून त्या घासाकडे आपलं सगळं लक्ष जातं आणि तो लक्षात राहतो.

भाकरीपुरतं याचं कारण पिठातच आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. आधणाचं पाणी घातल्यावर स्टार्च फुलतं, पिठाला चिकटपणा येतो, तेव्हा कुठं उंडा थापता येतो. पीठ जुनं असेल तर हा चिकटपणा, म्हणजे विरी, गेलेली असते आणि कडा फाटतात. थापून, वरून पाण्याचा हात फिरवून, विस्तवावर फुगवलेली भाकरी निवू लागली की तेच स्टार्च पुन्हा आवळतं आणि पापुद्रा वातड होतो. धान्य मात्र पट्टीचं प्रवासी. ज्वारीच्या लागवडीचे सर्वांत जुने पुरावे पूर्व सुदानात मिळाले आहेत, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. तिथून ती भारतात आली आणि काळ्या जमिनीतल्या ओलीवर पिकणारा शाळू मराठवाड्याचा झाला. सुदानात आजही आंबवलेलं ज्वारीचं पीठ तापल्या तव्यावर पातळ पसरून किसरा करतात. आपल्याकडच्या माणसाला त्यातलं धान्य ओळखीचं लागेल, पण चव तिथं जाऊनच घ्यावी लागेल. फ्रान्समधल्या बगेट पावाचंही तसंच. तो करण्याच्या कौशल्याला युनेस्कोने २०२२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तरी सकाळचा पाव दुसऱ्या दिवशी कडक व्हायचा तो होतोच.

यावर कुणी सोलापूरची कडक भाकरी पुढे करील. ती कित्येक दिवस टिकते, हे खरंच. पण तीही गरम आमटीत कुस्करली की खरी रंगते, म्हणजे तिचा शेवटचा संस्कार पानातच होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आठवण अन्नाची नसतेच, भुकेची आणि सोबतीची असते. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची तांबूस भाकरी लोकांनी पोटासाठी खाल्ली आणि ती पिढी आजही मिलोचं नाव काढते. तव्यावरची गरम भाकरी तीही होती, पण तिची चव पुन्हा मिळावी असं सहसा कुणी म्हणत नाही. भूक आठवण कोरते, हे मान्य. पुन्हा खाण्याची ओढ मात्र चांगलं धान्य, जाणता हात आणि नेमकी वेळ जुळल्यावरच लागते.

सगळ्यांत अवघड आक्षेप घरातलाच आहे. प्रत्येकाला तव्यावरची भाकरी हवी, तर तव्यापाशी कोण बसणार? चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या पाळ्या सांभाळणाऱ्या घरांत सगळे एका वेळी जेवतही नाहीत. आजवर या प्रश्नाचं उत्तर बाईनेच दिलं आहे. सगळ्यांना गरम वाढून ती शेवटी निवलेली भाकरी खाते. उत्तम घासाला वेळ इतकी महत्त्वाची असेल, तर ती वेळ तिच्या वाट्याला आलेलीच नाही. ताज्या भाकरीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच थापायला शिकलं पाहिजे, मुलग्यांनी तर आधी. चार दिवस सरावाचे जातील, कडा फाटतील, पण हात बसतो. मग तव्यापाशी बसण्याच्या पाळ्या लावता येतील, आणि पहिली फुगलेली भाकरी रोज थापणारीच्या पानात पडेल.