तक्तपोशीचा रंग

वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीतील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एका निवृत्त गृहस्थांचे घर आहे. घराला लागून मोकळी गच्ची, आणि गच्चीत आठ फूट बाय दहा फुटांची लाकडी बैठक. नातवंडे तिला 'डेक' म्हणतात. गृहस्थांच्या मातोश्री मात्र 'माडी' म्हणतात, आणि ते अधिक खरे आहे. सांगली जिल्ह्यातील गावचे जुने घर उतरवले तेव्हा माडीच्या तक्तपोशीच्या सागवानी फळ्या या थोरल्यांनी आपल्या वाट्याला मागून घेतल्या आणि रोख रकमेवरचा हक्क धाकट्यांना सोडला. तोट्याचा व्यवहार, असे नातेवाईक म्हणाले. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

गावी त्या फळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन पाहिले नव्हते. त्यांचा रंग जुन्या मधासारखा होता. वसईच्या गच्चीत दोन वर्षांत तो राखेसारखा झाला. मातोश्री नव्वदीच्या घरात, नजर मंदावलेली, पण एके सकाळी पायाशी पाहत त्या म्हणाल्या, "बाळ, ही आपल्या माडीची फळी नव्हं रे." गृहस्थांना ते फार लागले. ज्या एका गोष्टीसाठी सगळे सोडले, तीच ओळखेनाशी झाली होती.

घाईने केलेला उपाय चुकला. रंगाऱ्याने पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले. महिनाभर लाकूड काचेसारखे चमकले; पावसाळा सरता सरता वॉर्निशचे पापुद्रे सुटू लागले आणि खालचे लाकूड पूर्वीपेक्षा मळकट दिसू लागले. दोष पावसाचा, असे सर्वांनी ठरवले.

खरे कारण मातोश्रींच्या पाटाने दाखवले. तो पाट बैठकीच्या एका कोपऱ्यात कायम मांडलेला असे. त्यावर बसून त्या रोज सामायिक करत. झाडलोट करताना एकदा तो उचलला, तर खाली पाटाच्या आकाराचा स्वच्छ मधाळ चौकोन निघाला. पावसाचे पाणी तिथेही शिरतच होते. पोहोचत नव्हते ते केवळ ऊन.

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण तो फोडतात, फुटलेला भाग पावसाने धुऊन जातो आणि मागे सेल्युलोजचे फिकट तंतू उरतात. त्यांवर काळसर बुरशी बसली की राखाडी छटा पुरी होते. साधे पारदर्शक वॉर्निश इथे हरते, कारण जे डोळ्यांना आरपार दिसू देते ते किरणांनाही बरेचसे आरपार जाऊ देते. वॉर्निशच्या खालचेच लाकूड सुटते आणि थर अधांतरी राहतो. दिलासा एवढाच की ही हानी वरवरची असते. देवदार-चीडसारख्या सूचिपर्णी झाडांचे उघडे लाकूडसुद्धा शंभर वर्षांत साधारण 6 मिलिमीटर झिजते, असे लाकूडतज्ज्ञांचे मोजमाप आहे. साग तर त्याहून चिवट. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली 1817 साली सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. दूर कशाला, वसईजवळचे आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. राखाडी झालेला साग म्हणजे मेलेला साग नव्हे.

तेव्हा प्रश्न लाकूड वाचवण्याचा नव्हता, रंग वाचवण्याचा होता. आणि त्यात घरच्या आचाराची भर पडली. किनाऱ्यावर होड्यांना माशाचे तेल चोळण्याची जुनी रीत आहे, ती एका हितचिंतकाने सुचवली. जैन घरात ते शक्यच नव्हते. सुताराने चपडा लाखेचे पॉलिश सुचवले. लाख ही किड्यांपासून मिळते, हे मातोश्रींना ठाऊक होते. त्यांनी नुसती मान हलवली. (शिवाय ते पॉलिश पाण्याने पांढरे पडते, म्हणजे गच्चीत त्याचा उपयोगही नव्हता.) 'टीक ऑइल' या नावाने मिळणारे तेल सागापासून काढलेले नसते, ते बहुधा जवसासारख्या तेलांचेच मिश्रण असते, हे कळल्यावर गृहस्थांना निवृत्तीनंतर प्रथमच कोणाचे तरी खाते तपासल्याचे समाधान मिळाले.

अखेर निवड झाली ती रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलाची आणि गेरूची. गेरूतील लोहाचा ऑक्साइड अतिनील किरण अडवतो. रंग टिकवायचा तर थोडा रंग द्यावाच लागतो, ही गोष्ट मान्य करायला गृहस्थांना बरेच दिवस लागले.

काम वैशाखात काढले. लाकूड खडखडीत कोरडे होते आणि चातुर्मास दूर होता. आधी वॉर्निश खरवडले, मग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने, हातमोजे घालून, फळ्या मऊ कुंच्याने धुतल्या. तारेचा ब्रश कटाक्षाने टाळला. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडले होते, तिथे पितळी स्क्रू आले. मग वस्त्रगाळ गेरू कालवलेले तेल अगदी पातळ चोळले आणि अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढले. हे पुसणे महत्त्वाचे. तेलाचा थर साचला तर त्यावरच बुरशी वाढते, आणि चातुर्मासात पायाखाली बुरशी-शेवाळ येऊन निगोद जीवांची विराधना होऊ नये, हा मातोश्रींचा पहिला आग्रह होता. तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून ती उन्हात सुटी पसरून वाळवली. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तेलाचे दोन हात जास्त दिले, कारण पाणी तिथूनच अधिक शिरते.

हे काम दरवर्षी करावे लागणार आहे. गृहस्थांनी डायरीत तशी नोंद केली आहे, आणि पश्चिमेच्या बाजूला एक कापडी छतही लावले आहे. सावलीहून चांगले वॉर्निश नाही, असे आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

तेल वाळल्यावर मातोश्रींना हात धरून बैठकीवर आणले. त्यांनी वाकून फळीवरून तळवा फिरवला. "जरा तांबडं झालंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाट मागितला, आणि या खेपेस तो जुन्या कोपऱ्याऐवजी मधोमध मांडायला सांगितला.