गोगलगाय अन् पोटात पाय

ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या माणसाला लावतो. पण ती शास्त्राला धरूनही आहे. प्राणिशास्त्रात गोगलगायीच्या वर्गाचे नावच ‘उदरपाद’, म्हणजे पोट हेच ज्याचे पाय. कॉलेजात हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला आजीची म्हण आठवून हसू आले होते.

२०२२ च्या पावसाळ्यात मात्र कोणी हसले नाही. लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बांधावर गेलो की मला हमखास विचारतात, “साहेब, यातली मादी कोणती? तेवढ्याच वेचतो.”

बाबांनो, सगळ्याच मादी आणि सगळेच नर! प्रत्येकीच्या अंगात दोन्ही अवयव असतात. जोडी जमली की दोघीही ओल्या मातीत अंडी घालू शकतात, तीही एका खेपेस शंभरावर. म्हणून एकही सोडू नका.

लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची ही मोठी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणून बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. रानातल्या सगळ्याच गोगलगायी मात्र वैरी नव्हेत. कित्येक जणी कुजका पाला आणि शेवाळ खाऊन जगतात.

हिचे शरीर ओळखा, म्हणजे उपाय आपोआप सुचेल. तोंडात हजारो बारीक दातांची कानस असते, तिने ती पान खरवडते. पाण्यातल्या गोगलगायींसारखे कल्ले तिला नाहीत. ती फुप्फुसाने श्वास घेते. अंग सदा ओले लागते, म्हणून ती रात्री फिरते आणि दिवसा गारव्याला दडते. उन्हाळ्यात मातीत शिरून शंखाचे तोंड चिकट पापुद्र्याने बंद करून घेते.

तेव्हा संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती शेतात जागोजागी टाका. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. बांधाच्या कडेने कोरड्या चुन्याचा पट्टा ओढा. पावसाने भिजला तर पुन्हा ओढा. विषारी गोळ्या वापरल्या तर कोंबड्या, कुत्री आणि लेकरे दूर ठेवा. उघड्या हाताने गोगलगाय धरू नका, कारण तिच्या अंगात माणसाच्या मेंदूला बाधणारा जंत असू शकतो.

आणि हे एकट्याच्या शेताचे काम नव्हे. पहिल्या पावसानंतर, अंडी पडण्याआधी, सगळ्या शिवाराने मिळून वेचणी करा. तिला शेजाऱ्याचा बांध ओलांडायला एक रात्र पुरते.