रेटा बाजूला, चाल पुढे

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

भाचीच्या कोचसरांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी तिच्या चुकांची एकच ओळ लिहून दिली आहे: स्ट्राइड आखूड, गुडघा ताठ. पोरगी पुण्यात रोलर हॉकी खेळते. डिसेंबरात तिला देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर सरावाला जायचंय, पहिल्यांदाच खऱ्या बर्फावर. तोवरची सुट्टी मामाच्या गावी. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या कोरीटला रिंक सोडाच, चाकांवर घसरता येईल असं गुळगुळीत मैदानही नाही. पण माझी सगळी नोकरी शाळेत खो-खो आणि ॲथलेटिक्स शिकवण्यात गेली. पायातून वेग कसा निघतो, हा प्रश्न मला अजूनही तितकाच जवळचा आहे.

रात्री जेवणं उरकल्यावर तिचे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये लावून बसलो. तिसऱ्यांदा पाहताना दुखणं सापडलं. ती धावते आहे. पाय मागे रेटते, टाच मागच्या मागे वर उडते. परत येणारा पाय अंगाखाली येतच नाही, खांद्याच्या रेषेबाहेर, बराच लांब टेकतो. तिथून पुढचा रेटा द्यायला जागाच उरत नाही. पोरगी दमते पुष्कळ, पुढे सरकते थोडी.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खळ्यावर तिला विचारलं, "बर्फावर उभं राहून पाय सरळ मागे ढकललास तर काय होईल?"

"घसरेल, मामा."

बरोबर. स्केटचं पातं लांबीच्या दिशेने जवळपास फुकटात घसरतं. पोलाद आणि बर्फ यांच्यातला घर्षणांक ०.००५ च्या आसपास असतो. त्यामुळे त्या दिशेने पायाला आधार मिळतच नाही. आधार मिळतो तो पात्याच्या आडव्या दिशेने, धार बर्फात रुतते तिथे. म्हणून रेटा पात्याला काटकोनात, म्हणजे बाजूला द्यायचा. पातं थोडं बाहेर वळलेलं असतं, म्हणून त्या आडव्या रेट्यातूनच शरीर पुढे जातं. चांगल्या स्केटरची वाट वरून पाहिली तर सरळ दिसत नाही, नागमोडी दिसते.

अपवाद सुरुवातीच्या तीन-चार पावलांचा. तेव्हा अंगात वेग नसतो. टाचा जवळ, चवडे बाहेर, अंग पुढे झुकलेलं, आणि पावलं जवळजवळ धावल्यासारखी पडतात. वेग वाढत जातो तसा रेटा मागून बाजूला सरकतो आणि प्रत्येक पावलाची घसरण लांबते. भाची ती सुरुवातीची पावलं शेवटपर्यंत टाकत राहते. त्यात तिचा दोष नाही. चालायला लागल्यापासून माणसाचं शरीर मागे रेटायलाच शिकलेलं असतं.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचे पाय पळायला किती चांगले, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. पण पळणारा खुब्याचा सांधा पुढे-मागे वापरतो, स्केटर तो बाहेर उघडतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू पळणाऱ्याला फारसे आठवावे लागत नाहीत. स्केटरचं सगळं काम तिथेच असतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

गावातल्या सुतारदादांकडून सरकफळा करून घेतला. आठ फुटी प्लायवूडची दोन फूट रुंद पट्टी, वर पांढरा सनमायका, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे, आणि पाय आपटून लागू नये म्हणून ठोकळ्यांवर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर. सुतारदादांनी दोनदा विचारलं, हे नक्की कशासाठी. मग स्वतःच मोजे चढवून एकदा घसरून पाहिलं आणि कडा आणखी घासून दिल्या.

बुटांवर जाड मोजे चढवायचे, एका ठोकळ्याला पाय टेकवून बाजूला रेटा द्यायचा, घसरत दुसऱ्या ठोकळ्याशी पोचायचं, की लगेच उलट. सनमायका आधी नीट सरकू देईना. शेजारच्या पोरांनी कॅरमची पावडर आणली, तेव्हा कुठे मोजे सरसर जाऊ लागले.

हा फळा काही नवा शोध नाही. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंत स्पीड स्केटिंगची पाचही सुवर्णपदकं एकट्याने जिंकणारा एरिक हायडन उन्हाळ्यात, बर्फ नसताना, अशाच फळ्यावर घाम गाळायचा. थंड देशातल्या माणसालासुद्धा वर्षातले कित्येक महिने बर्फाविनाच काढावे लागतात, हे आमच्या गावकऱ्यांना सांगितलं की त्यांना हा उद्योग थोडा पटतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. फळ्याला सुट्टी. तरी संध्याकाळी पोरीने फळ्यालाही हळद-कुंकू लावलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज फक्त बैठक. भिंतीला पाठ न टेकवता, गुडघ्याचा कोन ९० ते ११० अंशांच्या दरम्यान ठेवून उभं राहायचं. खूण सोपी: मान न वाकवता नजर खाली टाकली तर गुडघ्याआड बुटाची टोकं दिसता कामा नयेत. वाकायचं ते गुडघ्यातून आणि घोट्यातून, कमरेतून नव्हे. छाती उघडी, नजर समोर. स्पीड स्केटर पाठ पार आडवी करतो, कारण त्याला वारा कापायचा असतो. हॉकीवाल्याला पक (खेळातली चकती), सोबती आणि अंगावर येणारा प्रतिस्पर्धी, तिघेही दिसले पाहिजेत.

आई ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, "इतली काय वाकस व माय, पाय दुखतीन ना तुना." दुखले खरेच. पण कारण समजल्यावर पोरीने तक्रार केली नाही. गुडघा जितका वाकलेला, तितका तो सरळ होताना रेट्याला जास्त लांबी मिळते. ताठ उभ्या माणसाकडे रेटायला पायच शिल्लक नसतो. स्ट्राइड लांब कर म्हणून ओरडून ती लांब होत नाही. आधी खाली बसावं लागतं.

जेवताना तिला बॉब निस्ट्रॉमची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क आयलंडर्स या आइस हॉकी संघाचा हा दांडगा खेळाडू स्केटिंगमध्ये मागे पडायचा. १९७० च्या दशकात तो लॉरा स्टॅम या बाईंकडे शिकायला गेला. त्या मूळच्या फिगर स्केटिंगच्या. पुरुषांच्या त्या धसमुसळ्या खेळात बाईने येऊन पाय कसा टाकावा हे शिकवणं तेव्हा नवलाचंच होतं. त्यांनी स्ट्राइडचे चार भाग पाडले: ताकद साठवणं, सोडणं, शेवटच्या टोकापर्यंत नेणं आणि पाय अंगाखाली परत आणणं. १९८० मध्ये जादा वेळेत गोल करून निस्ट्रॉमनेच आयलंडर्सना त्यांचा पहिला स्टॅनली कप मिळवून दिला. माझ्या मते त्या चार भागांत सगळ्यात दुर्लक्षित भाग चौथा. रेटा सगळेच देतात. पाय परत आणताना तो बर्फालगत, दुसऱ्या टाचेला जवळजवळ घासत आणणारे थोडे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. बहीण आली. ओवाळून झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, यात काही पुढे आहे का? एवढा खर्च, एवढी धावपळ." प्रश्न रास्त आहे. मी तिला माहीत असलेलं सगळं सांगितलं. २ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये ३००० मीटर रोलर रिलेत भारताने ४ मिनिटं १०.१२८ सेकंदांत कांस्य मिळवलं. त्या चौघांत पुण्याचा विक्रम इंगळे होता, सिद्धांत कांबळे होता. सोबत आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार. हाच आनंदकुमार गेल्या महिन्यात चीनमध्ये १००० मीटरचा जगज्जेता झाला. बर्फावरही पोरी मागे नाहीत. यंदाच्या आशिया चषकात भारतीय महिलांच्या आइस हॉकी संघाने अल ऐनला कांस्य जिंकलं. त्यातल्या बहुतेक जणी लडाखच्या, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या.

हिमाद्री रिंकची कथाही सांगितली. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तो बांधला आणि पुढे कित्येक वर्षं बंद पडून राहिला. यंदा पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. छताखालचा, कृत्रिम बर्फाचा पूर्ण मापाचा रिंक देशात असून एका पिढीला तो वापरता आला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बहीण गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, पण अभ्यास बुडायला नको." तेही कबूल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वळणाचं काम. बर्फावर वळताना बाहेरचा पाय आतल्या पायावरून पलीकडे पडतो, तो क्रॉसओव्हर. पाहणाऱ्याला वरून येणारा पाय दिसतो आणि तोच महत्त्वाचा वाटतो. खरी कमाई खालच्या पायाची. तो अंगाखालून बाहेरच्या दिशेने, बाहेरच्या धारेवर रेटा देतो. हा रेटा विसरला की वळणावर एकच पाय काम करतो आणि वेग गळतो.

तो इथे शिकवायचा कसा? कंबरेभोवती पोत्याचा रुंद पट्टा, त्याला जाड दोर, दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. ती दोरापासून दूर, बाजूला कलते. मी तिचं वजन पेलून धरतो. या कललेल्या अवस्थेत एकेक पाऊल अंगावरून टाकायचं आणि खालचा पाय पूर्ण सरळ होईपर्यंत ढकलायचा. स्पीड स्केटर वळणासाठी अशीच दोरीची कसरत करतात. डावीकडे कलताना दोर हातात एकसारखा ताणलेला राहिला. उजवीकडे कलली की दर पावलाला दोर सैल पडायचा, म्हणजे ती अंग सोडून देत नव्हती, स्वतःच सावरत होती. डोळ्यांना हा फरक दिसला नव्हता, तळहाताला कळला.

संध्याकाळी कापूस वेचून परतणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. त्यांच्यातल्या एकीची लहान मुलगी अनवाणीच फळ्यावर चढली, मोजे मागून घेतले आणि खाली बसून अशी सरकली की मी दोर हातातच धरून बघत राहिलो. तिला बैठक शिकवावी लागली नाही. उकिडवं बसून काम करायची तिच्या घोट्याला आणि गुडघ्याला सवयच आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज जोराचं काम, पण थोडं. हॉकीत खेळाडू बर्फावर एका वेळी साधारण ४५ सेकंद असतो, मग बदलून बाकावर. त्या ४५ सेकंदांतही पूर्ण वेगाचे तुकडे चार-पाच सेकंदांचेच. वेग वाढवायचा तर सरावही तसाच हवा: फळ्यावर दहा सेकंद जीव तोडून, मग पूर्ण विश्रांती. दमलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही. दमलेले पाय फक्त ताठ गुडघा आणि आखूड पाऊल घोटत राहतात. फळ्यानंतर एका पायावरून दुसऱ्यावर बाजूच्या उड्या, प्रत्येक उडीनंतर क्षणभर एका पायावर स्थिर. डुगडुगली तर ती उडी धरायची नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मी हेच सांगायचो, उठल्यावरचं पहिलं पाऊल खालून निघू दे.

रात्री तिने मोबाइलवर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या वेगाच्या स्पर्धा दाखवल्या. रिंकला एक पूर्ण फेरी. १९९६ मध्ये माइक गार्टनरने १३.३८६ सेकंद घेतले, आणि तो विक्रम वीस वर्षं टिकला. २०१६ मध्ये डिलन लार्किनने १३.१७२ केले. वीस वर्षांत बूट हलके झाले, पाती बदलली, व्यायामशाळा बदलल्या, आणि फरक पाव सेकंदाहूनही कमी. गार्टनर तेव्हा ३६ वर्षांचा होता. तंत्र पायात मुरलं की वय फार आड येत नाही, याला यापेक्षा बोलका पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

उद्या ती निघणार. इथे जे होऊ शकत नाही, तेही आज तिला नीट सांगितलं.

हॉकीच्या पात्याला खालून, लांबीभर पन्हळ घासलेली असते, म्हणून त्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. पन्हळ खोल असेल तर धार घट्ट रुतते पण घसरण जड होते, उथळ असेल तर घसरण सुटते पण पकड कमी. शिवाय पातं पुढे-मागे किंचित गोलाई दिलेलं असतं, त्यामुळे वजन टाचेवर आहे की चवड्यावर, यावर सगळं वळण ठरतं. रेटा टाचेकडून सुरू होऊन अंगठ्याशी, आतल्या धारेच्या पुढच्या टोकावर संपायला हवा. शेवटची ती अंगठ्याची झटक सनमायक्यावर मिळत नाही. धारेवर उभं राहणं, पातं आडवं घालून बर्फ खरवडत थांबणं, हेही इथे नाही. ते तिकडेच शिकावं लागेल, आणि पहिले काही दिवस चाकांवर सराईत असलेली पोरगी बर्फावर पडणार आहे.

म्हणून तिला एरिन जॅक्सनचं नाव दिलं. फ्लोरिडातल्या ओकालाची, चाकांवर वाढलेली. २०१७ मध्ये बर्फाकडे वळली आणि २०२२ मध्ये बीजिंगहून ५०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेली. फ्लोरिडाची हवा काही नंदुरबारपेक्षा फार थंड नाही.

शेवटचा व्हिडिओ काढला. फळ्यावर, बाजूने आणि समोरून. बैठक खाली आली आहे. रेटा देणारा पाय खुबा, गुडघा, घोटा तिन्ही ठिकाणी पूर्ण उघडतो. परतणारा पाय दहातल्या सात-आठ वेळा अंगाखाली येतो. दम लागला की पुन्हा बाहेर टेकतो. उजवीकडचा कल अजून कच्चा.

१४ डिसेंबर, रविवार

देहरादूनहून फोन आला. पहिल्या दिवशी पडली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून आतली धार सापडली. तिथल्या कोचनी सांगितलं, सरळ स्ट्राइड लांब आहे, पाय परत नीट येतो. उजव्या वळणावर मात्र खालचा पाय रेटतच नाही.

"मामा, दोर आठवतो का?"

मी म्हटलं, आठवतो. संक्रांतीला दोन दिवस ये. फळा ओसरीत उभा करून ठेवलाय, त्यावर गावातल्या पोरांची रोज रांग असते. तुला पहाटेची वेळ राखून ठेवतो. आणि या वेळी दोर धरायला माझ्यासोबत आणखी एक जण घेतो, म्हणजे तू पूर्ण वजन टाकशील.