नांगरामागचे पूर्वज

आपले घराणे मूळचे कोठले, मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावी येऊन राहिला, हे जाणून घेण्याची हौस आपल्या समाजात जुनी आहे. श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन नावे उच्चारावी लागतात. तेवढ्यापुरती स्मृती प्रत्येक घरी जागी असते. त्यापलीकडे जावयाचे तर कुलवृत्तांताचा आधार. विसाव्या शतकात कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ अशा अनेक घराण्यांनी मोठ्या कष्टाने आपापले कुलवृत्तांत छापून काढले, आणि आज ते कपाटातून काढून चाळताना त्या संपादकांच्या चिकाटीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु हे ग्रंथ लक्षपूर्वक वाचणारास एक गोष्ट खटकते. कोणी काशीस जाऊन अध्ययन केले, कोणी पेशव्यांच्या पदरी कारकुनी केली, कोणी मामलेदार झाले, त्यांच्याविषयी परिच्छेदच्या परिच्छेद आढळतात. बाकीच्या बहुसंख्य पुरुषांविषयी एकच ओळ असते : ‘हे गावी राहून शेती पाहत.’ आमच्याही कुलवृत्तांतात ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या येते. पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य, त्यातले पावसाळे, दुष्काळ, कर्ज, बाळंतपणे आणि मृत्यू हे सारे त्या पाच शब्दांत मिटून गेले आहे. कुलवृत्तांताची पुरवणी काढावयाचे घरात ठरले, तेव्हा ह्या ओळीमागे काय दडले आहे ते शोधावे असे आम्हा चुलत भावंडांच्या मनात आले. त्या शोधाकरिता सवडीसवडीने जो प्रवास घडला, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आम्ही त्र्यंबकेश्वरास गेलो. तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढीजात जतन केलेल्या असतात. गाव आणि उपनाव सांगितले की उपाध्ये योग्य ती वही काढून समोर ठेवतात, आणि आपल्या पणजोबांच्या हातचे अक्षर एकाएकी डोळ्यांपुढे येते. कोणा यात्रेकरूबरोबर कोण आले होते, मुलांची नावे काय, कोणत्या तिथीस येणे झाले, एवढाच मजकूर. पण तो ज्याने त्याने स्वहस्ते लिहिलेला. आम्ही सर्व तिथ्या उतरून घेतल्या आणि मुक्कामी बसून त्यांची जुळणी केली. तेव्हा असे दिसून आले की, आमच्या घरचे लोक आले ते मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंतच. आषाढ-श्रावणात आलेला एकही पुरुष त्या वहीत नाही. भाताची लावणी टाकून तीर्थयात्रेस कोण जाईल? कापणी-झोडणी होऊन धान्य घरात पडल्यावर देवाची आठवण करावयाची, हा त्यांचा क्रम. ‘आम्ही शेतकरी होतो’ असे त्यांनी कोठे लिहिले नाही. तिथ्यांनी ते सांगितले.

तेथून पुढचा टप्पा पुण्याचा. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर म्हणजे कापडी रुमालांत बांधलेला मोडी कागदांचा महासागर. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी ह्या दप्तरातील निवडक कागद १९३० पासूनच्या काही वर्षांत ४५ भागांत प्रसिद्ध केले, तरी न छापलेले त्याहून कितीतरी अधिक आहेत. शाळांतून मोडी शिकविणे विसाव्या शतकाच्या मध्यास बंद पडल्यापासून हे कागद आपल्याच घरात परके झाले. आमच्यापैकी दोघांनी त्याकरिता मोडीचा वर्ग केला. सहा महिन्यांच्या सरावाने वळण ओळखू येते. पुढे सारी मदार धीरावर.

ह्या कागदांवरील कालगणनेनेच आम्हास पहिला धडा दिला. पेशवाईतील सरकारी कागदांवर बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३. त्यात ५९९ मिळवावे की इसवी सनाचे १७७२ साल येते. जानेवारीपुढच्या महिन्यांस ६०० मिळवावयाचे. थोरले माधवराव पेशवे निवर्तले ते हेच वर्ष. पण गंमत ही की, हे साल चैत्रात सुरू होत नाही, जानेवारीतही नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते पालटते. म्हणूनच त्यास मृगसाल असेही म्हणतात. पाऊस पडावा, पेरणी व्हावी, पीक यावे आणि त्यावर सारा बसावा, ह्या चक्राशी राज्याचे वर्ष बांधलेले होते. ज्यांस आपण कुलवृत्तांतात एक ओळ देतो, त्यांच्या हंगामाप्रमाणे सातारा-पुण्याच्या दरबाराचे पंचांग चालत असे.

आमच्या गावासंबंधी तेथे थोडेच कागद मिळाले. त्यांपैकी एक अर्ज होता : पुराने खालच्या मळ्या वाळूने बुजल्या, बैल मेले, तरी साऱ्यात सूट मिळावी. अर्जदारांत आमच्या घराण्यातील एका पुरुषाचे नाव आहे. घरी त्यांची ख्याती दशग्रंथी म्हणून सांगतात. ते दशग्रंथी असतीलही. पण त्या साली त्यांस चिंता होती ती बैलांची.

कागद कशापायी टिकतात, हेही ह्या दप्तरांत कळते. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामांची चौकशी चालविली, तेव्हा ठिकठिकाणच्या घराण्यांनी आपला हक्क शाबीत करण्याकरिता वंशावळी सादर केल्या. आज आपण भक्तिभावाने वाचतो त्या कित्येक वंशावळी अशा दाव्यांतून उरलेल्या आहेत. ज्यांस कसलाच दावा मांडावयाचा नव्हता, ज्यांपाशी दोन हातांवाचून काही नव्हते, त्यांची वंशावळ कोणी मागितली नाही आणि कोणी लिहिलीही नाही. हा विचार पुढे गावी पोहोचल्यावर फार तीव्रतेने मनात आला.

पुण्याहून आम्ही कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून साखरप्यास आणि तेथून देवरुखास गेलो. घाटमाथ्यावरून खाली पाहिले की जांभ्या दगडाचे तांबूस सडे आणि त्यांच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भातखाचरे दिसतात. आमचे गाव ह्याच संगमेश्वर तालुक्यातले. देवरुख हे तालुक्याचे ठिकाण. जमिनीचे जुने कागद पाहावयाचे ते येथे.

सातबाराचा उतारा आज सर्वांस परिचित आहे. परंतु तो केवळ दरवाजा. फेरफाराच्या नोंदवहीत जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या कारणाने गेली ते सापडते. पीकपाहणीत ‘रीत’ ह्या रकान्यावरून जमीन मालक स्वतः कसतो की दुसरा, हे समजते. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीस कोतवाल बुक म्हणतात. तीत तारीख, वय आणि मृत्यूचे कारण असते. एका घरात आठवड्याच्या अंतराने गेलेली माणसे पाहिली की १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून उठून आपल्या ओटीवर येऊन बसतो. आमच्या आजोबांच्या तीन भावंडांचा उल्लेख घरात कधी का होत नसे, त्याचा उलगडा त्या वहीत झाला.

आणि ह्या सर्वांहून मोलाचे म्हणजे बोटखत. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोती होती. खोत सरकारास सारा भरी आणि कुळांकडून धान्यरूपाने वसूल करी. भातजमिनीवर पुष्कळ ठिकाणी अर्धेल, म्हणजे निम्मे पीक. वरकस जमिनीवर बहुधा तिर्धेल. ह्याशिवाय खोताच्या शेतावर कुळांनी करावयाची वेठ निराळी. १८८० साली ह्या व्यवहारास कायद्याचे रूप मिळाले, आणि कोणत्या कुळाकडे कोणते शेत व त्याने खोतास काय द्यावयाचे, ते बोटखतात नोंदले गेले. आमचे घराणे ह्या गावच्या खोतीत वाटेकरी होते.

बोटखताची पाने उलगडताना ‘शेती पाहत’ ह्या शब्दांचा खरा अर्थ आमच्यापुढे आला. आगरातील काम घरचे होते, ह्यात संशय नाही. पहाटे रहाट जोडून माड-पोफळींस शिंपणे, गोठा, दूधदुभते ही पुरुषांनी आणि बायकांनी मिळून ओढलेली कामे. वाड्यामागचा रहाट बंद पडलेला आमच्या काकूंनी डोळ्यांनी पाहिला आहे. परंतु खाचरांतले काम निराळे. फाल्गुन-चैत्रात झाडांची कवळे तोडून राब भाजावयाचा, मृगात त्यावर पेरावयाचे, आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करावयाची. डोंगराच्या उतारावर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक आणि त्यानंतर जमीन पड टाकावयाची. हे ज्यांनी केले त्यांची नावे बोटखतात आमच्या पूर्वजांच्या नावांशेजारी, कित्येकदा त्याच ओळीत, लिहिलेली आहेत. ती कुणबी घरे आजही त्याच वाडीत नांदत आहेत.

गावी आम्ही त्यांपैकी एका घरी गेलो. घरचे वृद्ध गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. आम्ही बोटखताची नक्कल काढून शेतांची नावे वाचू लागलो, तसे ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही नावं वाचत चला, मी शेतं दाखवतो.” दीड-दोन तास आम्ही त्यांच्यामागून बांधाबांधाने हिंडलो. कागदावर एका खाचराचे नाव वडावरून पडलेले होते. तेथे आज वड नाही. तो वड कोठे होता आणि कोणत्या वादळात पडला, हे त्यांच्या आज्याने त्यांस सांगितले होते. एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा कागद आमच्या हाती होता. पण तो वाचता येणारा माणूस गावात ते होते. आमच्या कोणाही वडील मंडळीस त्यांपैकी एकाही शेताचे नाव ठाऊक नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाल्यावर, आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषक दिनानंतर, त्यांच्या वडिलांचे नाव जमिनीस मालक म्हणून लागले. फेरफाराची ती नक्कल त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जपून ठेवली आहे. आमच्या घरी त्याच घटनेस ‘जमीन गेली’ असे म्हणतात आणि त्या साली आजोबा किती खचले, ते सांगतात. ते खचले हेही खरे. एकाच नोंदीकडे दोन घरांतून पाहिले, तर एका घरी ती गेली आणि दुसऱ्या घरी ती आली.

ही माहिती पुरवणीत छापावी किंवा कसे, ह्यावर घरात बरीच चर्चा झाली. काही वडील मंडळींचे म्हणणे पडले की, कुलवृत्तांत हा कुलाचा असावा. त्यात कुळांची नावे कशास? वेठीसारख्या गोष्टी उकरून पूर्वजांस कमीपणा कशास आणावा? त्यांच्या भावना आम्ही समजू शकतो. ज्या वाडवडिलांच्या पुण्याईवर आपण शिकलो-सवरलो, त्यांच्याविषयी कोणास अधिकउणे बोलवेल? परंतु आमच्या आजोबांच्या पिढीस पुण्यास राहून शिकता आले ते ज्या भाताच्या खंड्यांवर, त्या खंड्या कोणाच्या श्रमातून आल्या, हे वगळले तर आमचाच वृत्तांत अपुरा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा जो प्रश्न साऱ्या जिल्ह्याचा म्हणून पुढे आला, तो आमच्या अंगणातलाही होता. अखेर सर्वांच्या संमतीने ठरले की, पुरवणीत ‘जमीन’ असे एक स्वतंत्र प्रकरण घालावे. त्यात बोटखतातील शेतांची नावे, ती कसणाऱ्या घराण्यांची त्यांनीच सांगितलेली हकीकत त्यांच्या अनुमतीने, आणि वेठीची नोंद जशीच्या तशी द्यावी. त्याचप्रमाणे, जुन्या पिढ्यांतील ज्या स्त्रियांची नावे वृत्तांतात नाहीत, ती कोतवाल बुक आणि फेरफार ह्यांवरून सापडतील तेवढी भरून काढावी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर फेरफारांत मुलींची नावे वारस म्हणून येऊ लागतात. त्यापूर्वीही विधवांची नावे अधूनमधून भेटतात.

वाचकांपैकी ज्यांची मुळे खेड्यात आहेत, आणि कोणाची नाहीत?, त्यांस आमची एवढीच विनंती की, हे काम पुढील पिढीवर टाकू नये. घरातील वृद्धांस प्रथम विचारावे. माळ्यावरच्या पेट्यांतील कागद वाळवीच्या आधी आपण उघडावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मुलांपैकी एकास तरी मोडी शिकवावी. आणि गावी जाल तेव्हा आपल्या वाड्याच्या चौथऱ्याचे दर्शन घेऊन लगेच परतू नका. शेजारच्या वाडीत जाऊन बसा. ‘शेती पाहत’ ह्या ओळीचा उरलेला अर्धा भाग तेथे कोणाच्या तरी तोंडी अजून आहे. आणि ते बहुतेक सारे ऐंशीच्या घरात आले आहेत.