बाराच छायाचित्रे

इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात १९७९ साली माझ्या बाकावर एक ख्रिस्ती विद्यार्थी बसे. रविवारी प्रार्थना, एरवी व्याख्याने आणि शिकवण्या. शिकवण्यांचे पैसे आग्फा क्लिक-थ्रीच्या रोलवर जात. एका रोलमध्ये बाराच छायाचित्रे, म्हणून बटण दाबण्याआधी तो फार वेळ नुसता पाहत राही. (आताच्या मुलांना हे सांगूनही पटत नाही.) मी आईला घेऊन राजवाड्यात मल्हारी मार्तंडाच्या दर्शनास जाई, तेव्हा तो चौकात लाकडी खांब टिपीत असे. १९८४ च्या दंगलीतील आगीत तेथील बरेच लाकूडकाम जळाले. पुढे जीर्णोद्धार झाला, तोही चांगलाच आहे. परंतु मित्राच्या निधनानंतर त्याच्या मुलीने दिलेल्या एका चौकोनी प्रिंटमध्ये खांबाशी माझी आई पदर सावरीत उभी आहे. तिचे दुसरे छायाचित्र आमच्या घरी नाही.